गळ्याजवळचा रंग

साडी अंगभर असली तरी चेहऱ्याशी तिची गाठ फारशी पडत नाही. निऱ्या पायाशी, पदर खांद्यावरून मागे. चेहऱ्याला भिडतो तो ब्लाऊज. गळ्याची पट्टी, खांदे, बाहीचा वरचा भाग. रत्नागिरीत ब्लाऊज शिवता शिवता माझं हे मत पक्कं होत गेलं. तरी बायका सगळा जीव साडीच्या रंगात घालतात आणि ब्लाऊजचं कापड मॅचिंग सेंटरवर उभ्या उभ्या उरकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. साडीशी हुबेहूब जुळणारं टू बाय टू मिळालं की झालं. ते कापड आपल्या कातडीशी जुळतंय का, हे बघायचं राहूनच जातं.

नवीन बाई आली की मी आधी टेप हातात घेत नाही. तिला बाहेर पायरीवर नेते. दुकानातल्या दिव्याखाली मोरपंखी नुसताच निळा दिसतो आणि आमसुली तपकिरी. बाहेर आलं की दोन्ही आपापल्या रंगावर येतात. सकाळी दहा-अकराचा उजेड बरा, पण ऊन थेट तोंडावर नको. अंगावरच्या कपड्याचा रंग मध्ये येऊ नये म्हणून गळ्याभोवती पांढरा पंचा टाकते आणि त्यावर एकेक तुकडा धरते. या वेळी कापडाकडे बघायचंच नसतं. डोळ्यांखाली बघायचं, नाकाच्या कडेला बघायचं, ओठांच्या रेघेकडे बघायचं. रंग चुकला तर डोळ्यांखालचा काळसरपणा पुढे येतो, हनुवटीवर पिवळट झाक चढते. जमला तर ओठांची कड स्पष्ट होते, आणि आधी डोळे दिसतात, कापड नंतर.

जयगडकडच्या एका शाळेतल्या बाई आईला घेऊन आल्या होत्या. पिशवीत सगळे तुकडे बिस्किटी, मोतिया, फिकट पिस्ता. आई म्हणाली, "हिला फिकटच दाखवा हो. सावळी आहे ना, गडद घातलं की आणखी काळी दिसते." मी बिस्किटी धरला. चेहरा विझला. मग माझ्याकडचा वांगी रंगाचा तुकडा धरला. गालाच्या हाडावर उजेड आल्यासारखं झालं, हसल्यावर दात पांढरेशुभ्र दिसले. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ब्लाऊजला हे कापड किती लागेल?"

सावळ्या मुलींना लहानपणापासून हे फिकटपण नेसवलं जातं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. सावळा रंग झाकायचा नसतो. त्याच्यात खोली असते, आणि खोल रंगाशेजारी तितकाच भरदार रंग लागतो: डाळिंबी, राणी, गर्द मोरपंखी, हळदी पिवळा. धुरकट, पांढरट रंग शेजारी आला की कातडीही धुरकट दिसते.

रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, हे फ्रान्समधल्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये पुस्तक लिहून मांडलं. गोबलें इथल्या भिंतीवरचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार आली. त्याने शोध घेतला, तर दोष रंगाईत नव्हता, काळ्याशेजारच्या निळ्या-जांभळ्यात होता. आपल्या बायकांनी हेच संक्रांतीला करून ठेवलंय. काळी चंद्रकळा नेसलेली नवी सून सावळी असो की गोरी, उठून दिसते. कारण गळ्यात, कानात, दंडावर हलव्याचे पांढरे दागिने असतात. काळा रंग आणि कातडी यांच्यामध्ये पांढरं येतं आणि दोन्ही वेगळे होतात. म्हणून काळा ब्लाऊज शिवताना मी गळ्याला काठातल्या रंगाची बारीक पायपिन घालते. मानपानात आलेली, न शोभणारी साडी असली तरी हाच उपाय. साडी परत करता येत नाही, पण काठातला एखादा धागा आपल्याला शोभणारा असतोच. ब्लाऊज त्या धाग्याचा घ्यायचा.

1980 मध्ये अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या एका पुस्तकाने माणसांची चार ऋतूंत वाटणी लोकप्रिय केली. डोळे, केस आणि कातडी बघून तुम्ही वसंत की शरद ते ठरवायचं. पण केस काळे, डोळे काळे-तपकिरी, या हिशोबाने आपल्यातल्या बहुतेकजणी एकाच खान्यात जाऊन पडतात. आपले फरक कातडीत आहेत. कुणाची पिवळसर गव्हाळ, कुणाची तांबूस, कुणाची निळसर झाक असलेली काळी. नवरात्रात बँकेतल्या, शाळेतल्या बायका एकाच दिवशी एकाच रंगात येतात तेव्हा हे फार छान कळतं. पिवळा म्हणजे एकीला मोहरीसारखा गडदच हवा, दुसरीला लिंबाचा कोवळा चालतो. राखाडीच्या दिवशी बहुतेकजणी हिरमुसतात. लाल काठ असला की तोच राखाडी सुंदर दिसतो.

गावाच्या उजेडाचाही हात असतो. एप्रिल-मे महिन्यात भाट्याच्या पुलावर समुद्राची पांढरी तिरीप डोळ्यांत जाते. त्यात फिकट अबोली, आकाशी हरवून जातात. पावसात सगळीकडून हिरवं अंगावर येतं, तेव्हा पोपटी नेसलेली बाई आजारी वाटते आणि शेंदरी नेसलेली खुलते. जांभ्याच्या उघड्या भिंतीजवळ उभं राहिलं तर हनुवटीखाली तांबूस उजेड पडतो. माझ्या पायरीसमोर तशी भिंत आहे, म्हणून मी गिऱ्हाइकाला तिच्यापासून जरा बाजूला उभी करते. घामाचाही विचार लागतो. राखाडी आणि आकाशीवर काखेतली ओल लगेच दिसते, पांढऱ्यावर आणि गडदवर तितकी नाही. पातळ रुबियाला पांढरं अस्तर लावलं की रंग उघडतो, त्याच रंगाचं लावलं की दाटतो. अस्तर आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यातच गळा आखडतो.

केस पिकले की सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो, आणि हे काम मला सगळ्यात आवडतं. चेहऱ्याभोवतीची काळी चौकट गेलेली असते. जो बाटली हिरवा चाळिशीत शोभायचा, तो आता चेहऱ्यावर चढून बसतो. पण म्हणून बदामी आणि करड्यात जायचं कारण नाही. रुपेरी केसांना गुलबक्षी, जांभळा, स्वच्छ निळा फार खुलतो. साठी उलटलेल्या काकू दबक्या आवाजात म्हणतात, "या वयात गुलबक्षी बरा दिसेल का गो?" मी तुकडा गळ्याशी धरते, आरसा हातात देते आणि बाहीचं माप घ्यायला लागते.