मळणीयंत्राचा विसावा

दिवाळी ओसरली की वर्धा-आर्वी रस्त्यावरील आमच्या आंजी (मोठी) गावाच्या शिवारात एक निराळीच शांतता उतरते. सोयाबीनची सवंगणी आटोपलेली असते, गंज्या मोडलेल्या असतात आणि कुटार गोठ्याकडे गेलेले असते. कापसाची वेचणी चालू असते, पण तिला आवाज नसतो. महिनाभर घरघरणारे मळणीयंत्र तेवढे गप्प होते. आमची थोडीशी तूर आम्ही अजून काठीनेच बडवून काढतो. त्यामुळे हरभरा आणि गहू खळ्यावर येईपर्यंत यंत्राला तीन-साडेतीन महिन्यांची सुटी मिळते.

या सुटीची तयारी हे काम दिसायला क्षुल्लक आहे. धान्य घरात आले, मजुरी चुकती झाली, आता यंत्र छपरीत ढकलले की संपले, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला मात्र वर्षांच्या अनुभवाने असे वाटू लागले आहे की, शेतकऱ्याची कृतज्ञता आणि त्याचा शेजारधर्म या दोन्हींची परीक्षा पेरणीत किंवा कापणीत होत नाही, तेवढी या शेवटच्या दोन दिवसांत होते.

पहिल्या दिवशी आम्ही यंत्र काही मिनिटे रिकामेच चालवितो, म्हणजे आत अडकलेले दाणे आणि भुसा बाहेर पडतो. मग ट्रॅक्टर बंद करून पट्टा उतरवायचा आणि त्यानंतरच झाकणे उघडायची. हा क्रम कधीही उलटा होऊ द्यायचा नाही. ड्रमखालची जाळी आणि चाळण्या काढून ब्रशने झाडायच्या, पंख्याची पाती पुसायची, कोपऱ्याकोपऱ्यांतला भुसा खरवडून काढायचा. ज्या देशांत हिवाळ्यात पाणी गोठते, तेथील शेतकऱ्याला इंजिनातील पाण्याची चिंता असते. आपले शत्रू वेगळे आहेत. पहाटेचे दव, धूळ आणि उंदीर. आत राहिलेला भुसा दवाचा ओलावा धरून ठेवतो, त्या ओलाव्याने पत्रा गंजतो आणि राहिलेल्या दाण्यांच्या वासाने उंदीर येऊन चाळणीखाली संसार थाटतात.

दुसरा दिवस तेला-ग्रीसचा. बेअरिंगमध्ये जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायचे. रंग उडालेल्या पत्र्यावर रंगाचा हात फिरवायचा, उघड्या लोखंडावर तेलाचा बोळा. रबरी पट्टे ताणलेले ठेवले तर आकार धरून बसतात, म्हणून ते काढून, पुसून, उन्हापासून दूर खुंटीला टांगायचे. चाकांवरचा भार कमी व्हावा म्हणून आसाखाली विटा रचायच्या. शेवटी ताडपत्री, पण ती जमिनीपर्यंत आवळून बांधायची नाही, खालून वारा खेळता राहिला पाहिजे. आमच्या गावाकडचे एक वयस्क मिस्त्री हे काम करताना नेहमी म्हणत, “भाऊ, मशीन चालते तवा नुसती वरडते. थांबली का मंग आपलं दुखणं सांगते.” खरेच आहे. सैल झालेला बोल्ट, झिजलेला दात, तडा गेलेली जाळी ही सारी दुखणी विसाव्यातच दिसतात. आम्ही ती एका वहीत टिपून ठेवतो.

त्या वहीत ड्रमच्या वेगाचीही नोंद असते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या अगदी खाली. वेग वाढला की दाणा वरून धड दिसतो, पण पेरल्यावर उगवत नाही. म्हणून त्यासाठी मिनिटाला साधारण ३०० ते ४०० फेरे पुरेसे मानतात. गव्हाला याहून पुष्कळ अधिक वेग लागतो. पिकाप्रमाणे पुली बदलावी लागते. कोणती पुली कोणत्या पिकाची, याची चिठ्ठी तिलाच बांधून ठेवली की पुढे घोटाळा होत नाही. हे करताना आम्हांला यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील २८ वा अध्याय आठवतो. जिऱ्यावर कोणी मळणीचा जड गाडा फिरवीत नाही, ते काठीने झोडपतात. भाकरीचे धान्य मळतात, पण त्याचा चुराडा होईपर्यंत नव्हे. आणि हे शहाणपणही परमेश्वराकडूनच येते, असा त्या वचनाचा आशय आहे. ज्या ग्रंथात राष्ट्रांचे न्यायनिवाडे आहेत, त्याच ग्रंथात मळणीच्या वेगाचाही विचार व्हावा, हे आम्हां शेतकऱ्यांना केवढे धीर देणारे आहे!

परंतु या साऱ्या तयारीत एक गोष्ट अशी आहे, की तिच्यापुढे गंज आणि उंदीर या किरकोळ बाबी ठराव्यात. पेंढ्या आत सरकविण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी पत्र्याची पन्हळ असते आणि तिचा आतला भाग झाकलेला असतो. भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचे झाकण किमान ४५ सेंटिमीटर असावे लागते. हे माप उगीच ठरलेले नाही. झाकणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात ड्रमच्या दातांपर्यंत पोहोचू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. मळणीयंत्रांनी देशभर इतके हात तोडले की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका शिवारात अशीच एक पन्हळ साफसफाईसाठी काढली गेली. ती छपरीच्या माळ्यावर गेली आणि तेथेच राहिली. पुढच्या हंगामात पाऊस अंगावर आला होता, घाई होती. पन्हळीवाचून यंत्र सुरू झाले. पेंढ्या घालणाऱ्या तरुण मजुराची उजव्या हाताची चार बोटे गेली. तो आजही गावात दिसतो. डाव्या हाताने चहाचा कप धरतो. त्याच्या लग्नात, त्याच्या मजुरीत, त्याच्या नमस्कारात ती चार बोटे नाहीत. अपघात आश्विनात घडला असे सगळे म्हणतात. आम्हांला वाटते, तो आदल्या कार्तिकातच घडून गेला होता. ज्या दिवशी झाकण जागेवर न बसविता यंत्रावर ताडपत्री पडली, त्या दिवशी.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की, धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्याच पुस्तकात पुढे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असेही सांगितले आहे. बैलाच्या भुकेचा विचार करणारा देव मजुराच्या बोटांचा विचार करीत नसेल काय? पन्हळीवरचे झाकण हा आमच्या काळातील कठडाच आहे.

वर्ध्याच्या भूमीला हा विचार परका नाही. तंजावर येथे १८९२ मध्ये ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले जे. सी. कुमारप्पा यांनी, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालविले. कोणत्याही अवजाराकडे पाहताना त्यांनी आधी ते वापरणाऱ्या माणसाकडे पाहिले. पुढे १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही श्रमावरील आपल्या परिपत्रात हेच बजावले की, तंत्र हे माणसाचे सोबती आहे, पण माणूस त्याचा गुलाम झाला तर तेच त्याचे वैरी ठरते. आमच्या छपरीत या मोठ्या विचाराचे रूप अगदी लहान आहे. ते म्हणजे चार बोल्ट.

म्हणून आमच्या घरी आता एक नेम आहे. आधी पन्हळ आणि झाकण, मग पट्ट्यावरची जाळी, मग ताडपत्री. काढलेला कोणताही सुरक्षेचा भाग माळ्यावर जात नाही. यंत्र कठड्यासह झोपते आणि कठड्यासहच उठते. वहीतले शेवटचे वाक्य मुलांपैकी कोणी तरी लिहिते, आणि लिहिण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट स्वतःच्या हाताने ताणून पाहते.

वसईकडील आपले बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणात नवे धान्य वेदीपाशी आणतात. विदर्भातील आमचे शेजारी पोळ्याला बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावतात, दसऱ्याला अवजारे पुजतात. पिकाचे आभार, जनावराचे आभार, अवजाराचे आभार. या मालिकेत एक आभार मात्र अनेकदा राहून जातात, ते त्या हातांचे, ज्यांनी पेंढ्या सरकविल्या. ते आभार शब्दांनी मानून पुरत नाहीत. आपापल्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी मळणीयंत्र, कडबाकुट्टी किंवा उसाचा चरक असेल, त्यांनी या हिवाळ्यात ते झाकण्यापूर्वी एकदा त्याच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. फाल्गुनात तेथे कोणी तरी उभे राहणार आहे. कदाचित तो आपला मुलगा असेल, कदाचित दुसऱ्या कुणाचा. परमेश्वराच्या दृष्टीने त्यात काही अंतर नाही.