दोन समुद्रांच्या माथ्यावर

सह्याद्रीचा माथा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच कडे, किल्ले आणि धुक्यात बुडालेल्या दऱ्या उभ्या राहतात. बेळगावच्या नैर्ऋत्येस, खानापूर तालुक्यात, हा माथा मात्र इतका सौम्य आहे की तो केव्हा आला आणि केव्हा ओलांडला, हे मोटारीतून जाणाऱ्यास कळतही नाही. कणकुंबीच्या परिसरात पावसाचे दोन थेंब एकमेकांशेजारी पडले, तरी त्यांची गाठ पुन्हा पडेलच असे नाही. एक मलप्रभेत उतरतो, पूर्वेचा रस्ता धरतो आणि कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागरास मिळतो. दुसरा म्हादईच्या खोऱ्यात घरंगळतो आणि पणजीपाशी अरबी समुद्रात विलीन होतो. पाणलोटाची ही रेषा नकाशावर सहज काढता येते. प्रत्यक्षात ती ओळखायची, तर चढ-उतार पायांनीच मोजावे लागतात. त्या कामी सायकलीसारखे दुसरे वाहन नाही.

डोंगरी सायकल हा प्रकार आपल्याकडे अलीकडेच रुळला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर १९७० च्या दशकात काही हौशी मंडळींनी जुन्या, जाड चाकांच्या सायकली कच्च्या वाटांवरून उतरवण्यास आरंभ केला, आणि त्या खेळातून हे वाहन घडले. रुंद, खाचेदार टायर, भक्कम ब्रेक आणि चढणीला हलका करता येणारा गिअर, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. खडीच्या आणि मातीच्या वाटेवर टायरातील हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे चाक जमीन धरून चालते. उतारावर मागचा आणि पुढचा ब्रेक बेताने, दोन्ही मिळून दाबावा. इतके संभाळले, की बैलगाडीच्या चाकोरीतूनही मनुष्य निर्वेध जाऊ शकतो.

बेळगाव सोडून पिरनवाडीपाशी उजवीकडे वळले, की शहराचा कोलाहल हळूहळू मागे पडतो. किणये ओलांडल्यावर भाताची खाचरे दुतर्फा दिसू लागतात आणि तांबडी माती गडद होत जाते. कुसमळीपाशी मलप्रभेची पहिली भेट होते. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात जिचा सागर झालेला आहे, जिच्या काठी ऐहोळे आणि पट्टदकल ही चालुक्यांची शिल्पवैभवाची स्थाने उभी आहेत, आणि जी ३०० किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते, ती हीच नदी. येथे मात्र ती झाडीतून वाट काढणारी, गावच्या लेकीसारखी साधी आहे. हब्बनहट्टीला तिच्या पात्रालगत मारुतीचे स्वयंभू स्थान आहे. तेथील खडकांवर घटकाभर बसावे आणि मग जांबोटी गाठावी. या बाजारगावात चहा-फराळ उरकून, बाटल्या भरून पुढे निघणे शहाणपणाचे. कारण यानंतर रान दाट होते आणि दुकाने विरळ.

जांबोटी ते कणकुंबी हा टप्पा सायकलस्वाराची परीक्षा पाहणारा आहे. येथे एखादा मोठा घाट नाही. पण प्रत्येक ओढ्यापाशी उतार आणि त्याच्या पलीकडे तितकीच चढण, असा क्रम अखंड चालतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि कणकुंबी साधारण ८००. कागदावरचा फरक अवघा पन्नास मीटरांचा! तो गाठण्यासाठी प्रत्यक्षात किती पट चढावे लागते, हे मांड्याच सांगतात. या श्रमाचा मोबदला म्हणजे रस्त्यावर ओणवलेली झाडी. जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, कुंभा, मध्येच अंजनीचे झुडूप, आणि फाल्गुन-चैत्रात करवंदीच्या जाळ्यांना आलेला पांढरा बहर. सायकलीला आवाज नसल्यामुळे रान आपल्याला बिचकत नाही. धनेशाच्या पंखांची फडफड, शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ, हे सारे चालत्या सायकलीवरून ऐकू येते.

कणकुंबीस माउली देवीचे देऊळ आहे आणि तेथील कुंडापाशी मलप्रभेचा उगम मानला जातो. उगमाचे दर्शन घेऊन गावाच्या कडेला आले, की एक निराळेच दृश्य पुढे येते. ते म्हणजे कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यासाठी खोदलेला कालवा. हे काम २००६ मध्ये सुरू झाले. निसर्गाने जी रेषा आखली, ती ओलांडून पाणी पूर्वेस न्यावयाचे, हा त्यामागील हेतू. हुबळी-धारवाड आणि मलप्रभेकाठच्या कोरड्या तालुक्यांना पिण्याचे पाणी हवे, ही कर्नाटकाची बाजू. म्हादई, जी पुढे मांडवी होते, ती आटली तर आमचे रान, शेती आणि खाडी सारेच धोक्यात येईल, ही गोव्याची बाजू. या तंट्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा देऊन कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी खोऱ्याबाहेर वळवण्याजोगे पाणी ३.९० अब्ज घनफूट एवढेच, ८.०२ हे वीजनिर्मितीसाठी आणि १.५० खोऱ्यातल्याच गरजांसाठी. तथापि निवाड्याने वाद मिटला नाही. तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

हे आकडे वाचताना मनात येते, की ज्या गावांच्या अंगणातून हे पाणी निघते, त्यांचे काय? कणकुंबीच्या दक्षिणेस भीमगडाचे रान पसरले आहे. शिवकालीन भीमगड किल्ल्याच्या नावाचे हे अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगम याच रानात, देगावच्या परिसरात. बारापेडे येथील गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ तर जगातील अतिदुर्मीळ प्राण्यांपैकी एक. दीर्घकाळ त्याचे हे एकच वसतिस्थान ठाऊक होते. गवा, अस्वल, बिबट्या यांचाही येथे वास आहे. आणि याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसेही आहेत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि घाटाखालच्या सोयऱ्यांशी कोकणी, अशा तिन्ही भाषा ती सहज बोलतात. बेळगावात पडतो त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस या भागात पडतो. तरी नाल्यांवर पूल नसल्यामुळे त्याच पावसात काही वाड्यांचा जगाशी संबंध तुटतो आणि आजाऱ्यास खांद्यावरून आणावे लागते. तळेवाडीच्या काही कुटुंबांनी २०२५ मध्ये भरपाई घेऊन रानाबाहेर येणे पत्करले. रानाला मोकळीक मिळावी हे खरे, लेकरांना शाळा आणि दवाखाना मिळावा हेही खरे. तथापि देवराई, शेत आणि पूर्वजांची जागा यांची भरपाई कोणत्या कोष्टकात बसवावयाची?

कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याचा घाट. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमा येथे अगदी जवळ येतात. पाटी वाचली नाही तर कोणत्या राज्यात आपण आहो, हे झाडांवरून वा माणसांवरून ओळखता येणार नाही. घाटातून खाली अंजुणे धरणाचे निळे पाणी दिसते आणि सत्तरीतील केरीपर्यंत रस्ता सुमारे सातशे मीटर खाली येतो. अवजड वाहनांमुळे हा उतार जपूनच उतरावा. ब्रेक तापले असता वाटेत थांबून ते निवू द्यावेत.

ज्यांना ही वाट धरावयाची असेल, त्यांनी कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ निवडावा. पावसाळ्यात रस्ते निसरडे, जळवा विपुल आणि धुक्यात समोरचे वाहन दिसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून चाक घालू नये; गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते आणि गाडीवाटा आपल्याला पुरेशा आहेत. पंक्चरचे साहित्य आणि एक जादा ट्यूब जवळ असावी, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचावे, कारण संध्याकाळनंतर रस्त्यावर गव्यांचा हक्क असतो.

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रेषांची सवय आहे. भाषेच्या, प्रांताच्या, आता पाण्याच्याही. कणकुंबीच्या माथ्यावर उभे राहिले, की या साऱ्यांत जुनी रेषा कोणती, हे ध्यानात येते. ती पावसाने आणि खडकाने मिळून आखली. दोन्ही उतारांवर तहानलेली माणसे आहेत, आणि दोघांचेही पाणी एकाच रानातून येते. पाण्याची वाटणी न्यायालय करील; पण ते रान आणि त्यातली माणसे टिकली नाहीत, तर वाटण्यास काय उरेल, याचा विचार वाटेकऱ्यांनी आधी करावयास हवा.