असेल

आमच्या गावाला इतिहास आहे, पण कादंबरी नाही, अशी माझ्या वडिलांची कायमची तक्रार होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात ते कामाला होते. पाळी संपवून घरी आले, चहा झाला, की ग्रंथालयातून आणलेली कादंबरी उघडीत. हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ त्यांनी किती वेळा वाचला असेल, देव जाणे! नाथमाधव झाले, रणजित देसाई झाले. शनिवारवाड्यातल्या दालनांची त्यांना आमच्या चाळीतल्या खोल्यांपेक्षा अधिक माहिती होती.

मी एम.ए. होऊन उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात नुकताच मराठी शिकवू लागलो होतो. एका रविवारी घरी पाहुणे आले. अण्णांनी थेऊरचा प्रसंग रंगवायला घेतला. थोरले माधवराव अंथरुणाला खिळलेले, जवळ रमाबाई. “बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला असेल बरं का, आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मान वळवली असेल...” अण्णांचा आवाज दाटून आला. तेवढ्यात माझ्यातला नवा प्राध्यापक जागा झाला. मी म्हणालो, “अण्णा, १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, एवढाच इतिहास. बाकीची कादंबरी!”

पाहुणे हसले. अण्णाही हसले. पण त्यानंतर त्यांनी पाहुण्यांना कधी गोष्ट सांगितली नाही. वाचीत राहिले, मनातल्या मनात.

गंमत पाहा, अण्णा गेल्यावर आमच्या गावावर कादंबरी लिहिण्याची हुक्की मलाच आली. विषय घराजवळच होता. वालधुनीच्या काठचे ते शिवमंदिर! पांडवांनी एका रात्रीत बांधले आणि उजाडल्यामुळे कळस राहून गेला, असे गावात सांगतात. शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे १०६० साल सांगतो. राज्य शिलाहारांच्या मुम्मुणी राजाचे. हाच आकडा पूर्वी ७८२ असा वाचला गेला होता. एका अंकासरशी देऊळ दोनशे वर्षे मागे गेले आणि पुन्हा पुढे आले!

मोठ्या उत्साहाने मी वही घातली. पहिल्या प्रकरणात मूर्ती कोरणारा एक तरुण आणला, त्याला म्हातारी आई दिली. आई हाक मारणार, इतक्यात माझी लेखणी अडली. ती कोणत्या भाषेत हाक मारील? अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४ चा मानतात. तेव्हा मराठी होती खरी, पण शिलालेखातल्या चार ओळींवर आईला बोलते कसे करावे? ती मुलाला काय वाढील? मिरची तर घालता येत नाही, कारण ती पोर्तुगिजांबरोबर पुढे चार-साडेचारशे वर्षांनी आली!

आमचे कादंबरीकार शिवकाळात आणि पेशवाईतच अधिक का रमले, ते मला तेव्हा कळले. १८७१ साली गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. बखरी आहेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. त्यांत माणसे रुसतात, कर्ज मागतात, औषधे विचारतात. हरिभाऊंनी ‘चंद्रगुप्त’ही लिहिली, नाही असे नाही, पण त्या दूरच्या काळात कादंबरीकाराला बरेचसे अंधारातच चाचपडावे लागते. उल्हासनगरचा जन्म १९४९ चा. सिंधमधून लहानपणी छावणीत आलेले आजी-आजोबा तिथे अजून भेटतात, त्यांना विचारता येते. पलीकडच्या बदलापूरला घोडे बदलीत म्हणून ते नाव पडले, अशी निदान एक दंतकथा आहे. माझ्या मूर्तिकाराबद्दल मात्र सांगणारे कोणी नव्हते.

सदतिसाव्या पानावर मी वही मिटायला घेतली. सहज मागली पाने चाळली, तर माझे प्रत्येक चांगले वाक्य एकाच क्रियापदावर संपत होते. तो थकला असेल. तिने वाट पाहिली असेल. त्याला थंडी वाजली असेल. आणि एकदम अण्णांचा आवाज कानांत आला. “हात घट्ट धरला असेल बरं का...”

अण्णा ‘धरला’ म्हणाले नव्हते, ‘धरला असेल’ म्हणाले होते! इतिहास कोठे संपतो, हे त्या कामगार माणसाला ठाऊक होते. पदवीच्या तोऱ्यात व्याकरणाच्या प्राध्यापकाला तेवढे एक क्रियापद ऐकू आले नव्हते.

गेल्या श्रावणात मुलीला घेऊन देवळात गेलो होतो. भिंतीवरच्या मूर्तींवरून बोट फिरवीत तिने विचारले, “बाबा, हे कोरणाऱ्याची मुलगी इथे खेळायला यायची का?”

“त्याला पुरावा नाही,” हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, “येत असेल. आणि बाबांचं काम संपेपर्यंत नदीत पाय सोडून बसत असेल.”

मुलगी धावत नदीकडे गेली. मी मात्र तिथेच उभा राहिलो. हे वाक्य ज्यांना ऐकवायला हवे होते, ते आता नव्हते.