ताप कुठून आला?

सिकंदराबादकडून आलेली गाडी उमरीला थांबली की उतरणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे माझं लक्ष जातं. हिवताप विभागात रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात उमर गेली, त्याची ही खोड. पोळ्याला, महालक्ष्म्यांना, दिवाळीला कामावरची माणसं घरी येतात. त्यांच्यासोबत एखादा परजीवीही विनातिकीट उतरतो.

याच रेल्वेमार्गावरच्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हा परजीवी दिसला. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो डास मुद्दाम चावू दिला होता. कोणाचं रक्त कोणत्या डासात गेलं, याची नोंद रॉसकडे होती, म्हणून उलगडा झाला. आमचंही काम तेच. फक्त आमचा डास सापडत नाही, माणूस सापडतो.

त्या माणसाला आमचा पहिला प्रश्न, "महिनाभरात कुठं गेल्ते का?" डास चावल्यापासून ताप यायला बहुधा दहा-पंधरा दिवस जातात. गावी परतून चार दिवस झाले नाहीत तोच थंडी वाजली, तर लागण बाहेरची. एखाद्या गावात फक्त कमावते पुरुष आजारी असतील तर संशय प्रवासावर. पण कधी शीव न ओलांडलेल्या दोन वर्षांच्या पोराच्या काचपट्टीत परजीवी दिसला, की मी खुर्चीतून उठायचो. म्हणजे डास गावातलाच.

आपल्या ग्रामीण भागातला मुख्य वाहक म्हणजे अॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस. त्याला गटार नको, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवं. पावसाळा सरता सरता गोदावरीच्या पात्रात, ओढ्यांत डबकी उरतात, ती त्याला मानवतात. दिवसा तो गोठ्यात विसावतो. पहाटे बॅटरी आणि चूषक नळी घेऊन आम्ही गोठ्यात शिरलो, की घरधनी आधी म्हैस आवरायचा, मग आम्हाला हसायचा.

उन्हाळ्यातला ताप मात्र चकवतो. डास विरळ, तरी रुग्ण निघतो. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा परजीवी यकृतात दडून महिनोन्महिने राहतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात जातात. चैतात आलेला ताप कित्येकदा भादव्याची उधारी असतो.

सर्वांत जास्त फसवते ती सरासरी. समजा, २०० वस्तीच्या तांड्यात तीन रुग्ण निघाले. हजारी प्रमाण झालं १५. तेच तीन रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ३०,००० लोकसंख्येत मिसळा, प्रमाण उरतं ०.१. १९७७च्या हिवतापविरोधी सुधारित योजनेत फवारणीसाठी हजारी दोनची रेघ ठरली. तांडा एकटा मोजला तर रेघेच्या कितीतरी वर, केंद्रात मिसळला तर कागदावर दिसतही नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला देशातले रुग्ण लाखाच्या आत आले होते. १९७६मध्ये ते ६४ लाखांवर गेले. आकडा खाली आला की नजर सैल होते, ती अशी महागात पडते.

आज नांदेड जिल्हा काही गडचिरोली नाही. रुग्ण थोडे, म्हणूनच प्रत्येकाची वाट विचारणं शक्य आहे. यंदा दिवाळीला घरी आलेल्या लेकराला हुडहुडी भरली, तर "प्रवासाचा शीण असंल" म्हणून वाकळ पांघरून निजवू नका. आशाताईला बोलवा, बोटाचा थेंबभर नमुना द्या. आणि तो कुठून आला, तेही सांगा.