घुमटाची किंमत

गेल्या डिसेंबरात मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन हरमलच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मी पेडण्याचा, पण त्या संध्याकाळी माझ्याच तालुक्यात पर्यटक झालो. वाळूवर मांडलेल्या माळा-कपड्यांत एक जेंबे दिसला. पश्चिम आफ्रिकेतला हा ढोल. अखंड लाकूड कोरून केलेला, तोंडावर बकऱ्याचे कातडे. विक्रेत्याने सांगितलेली किंमत मी निमूट मोजली. पाहुण्यांसमोर घासाघीस करायची लाज वाटली.

परतताना चतुर्थीआधीची डिचोली आठवली. तिथे कुंभाराकडे घुमटाच्या मडक्यासाठी मी वीस रुपयांवरून हुज्जत घातली होती. "भाऊ, चांगली माती आता मिळते कुठे?" एवढेच तो म्हणाला होता.

घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लागे. कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचेच. म्हणजे दोन्ही वाद्यांचे कातडे एक, फरक माझ्या नजरेत. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला; मी मात्र साधी किंमतही नीट दिली नव्हती.

यंदा आरतीसाठी पुन्हा त्याच्याकडेच गेलो. मागितले तेवढे पैसे दिले.

"यंदा कमी कर म्हटलं नाही?" त्याने हसून विचारले.

मला उत्तर देता आले नाही.