भाड्याचा गारवा

शहरे डोळ्यांनी पाहावीत, असे प्रवासी लोक सांगतात. नागपूर मात्र नाकाने ओळखावे. हिवाळ्यात बाजारातून नुसती चक्कर मारली तरी संत्र्याच्या सालीचा वास बोटांना लागल्यासारखा वाटतो, आणि एप्रिल उजाडला की घराघरांतून भिजलेला वाळा दरवळू लागतो. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या बांधीत आणि पोरे त्यांच्यावर तांब्याने पाणी शिंपडीत. पुढे कूलर आले, शिंपडण्याचे काम पंपाकडे गेले, वाळ्याच्या जागी पुष्कळदा लाकडाचा कीस आला. तरी बाहेर ४५ अंशांचा वणवा पेटलेला असताना त्या ओल्या वासाने माणसाला नदीकाठ आठवतो.

म्हणजे गारव्याला वास असावा, याचे आम्हां नागपूरकरांना नवल नाही. प्रश्न एवढाच, की तो कशाचा!

आमच्या भाड्याच्या घरात कूलर ठेवण्याजोगी खिडकी नाही. एअर कंडिशनर मात्र घराबरोबरच मिळाला, आधीच्या बिऱ्हाडाने भिंतीत ठोकलेले खिळे मिळाले तसा. तो सुरू केला की प्रथम ओल्या गोणपाटाचा, आणि मागाहून न वाळलेल्या मोज्यांचा वास येई. मी एकटा असतो तर निभावून नेले असते. भाडेकरूला पुष्कळ गोष्टींशी सलोखा करावा लागतो. पण मे महिन्यात आई आली, आणि आईला जुना दमा. यंत्र लावले की तिला ढास लागे. बंद केले की खोलीची भट्टी होई. तिसरी रात्र तिने उशीला टेकून, बसूनच काढली. सकाळी म्हणाली, "मला यवतमाळच्या गाडीत बसवून दे बाबा. तिथं ऊन आहे, पण श्वास तरी घेता येतो."

मालकीणबाई खाली राहतात. त्या वर आल्या, दारातूनच हुंगल्यासारखे करून म्हणाल्या, "कुठं काय वास येऊन राहिला जी? कापूर जाळा ना थोडा." कापराच्या धुराने आई आणखीच खोकली, आणि मला मोजे कुणी देवघरात वाळत घातल्यासारखे वाटू लागले.

गंमत पाहा. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअरने हे यंत्र योजले ते माणसांसाठी नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागचे हलत. त्यावरचा तो उपाय. हवेतले पाणी काढून घ्यायचे, हे या यंत्राचे मूळ काम. कूलर हवेला पाणी पाजतो, हा ते पिळून काढतो. पण पिळलेले पाणी गार नळ्यांवर साचते, त्यावर धूळ बसते, यंत्र बंद झाले की अंधारात ती ओल तशीच राहते आणि बुरशीचे चांगभले होते. मग कापूर बिचारा काय करणार?

मेकॅनिक आला. त्याने झाकण काढले, आतला पंखा बॅटरीच्या उजेडात दाखवला. पात्यांवर काळा, बुळबुळीत थर होता. शिवाय पाणी बाहेर नेणारी नळी मधेच उंच चढली होती, त्यामुळे तळाच्या ताटलीत पाणी कायम तुंबलेले. त्याने सारे धुतले तेव्हा बादलीत उतरलेले पाणी पाहून आईने कपाळाला हात लावला. त्याने नळीला उतार दिला आणि बजावले, "बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता पंखा चालू द्या भाऊ, आतलं सुकलं पाहिजे. अन् जाळी पंधरा दिवसांनी धुवा."

बिलावरून मात्र तत्त्वचर्चा झाली. "वापरता तुम्ही, तर धुवायचं पण तुम्हीच," असा मालकीणबाईंचा मुद्दा. नळी ज्या भिंतीत आहे ती भिंत तुमची, असा माझा. शेवटी धुण्याचे मी दिले, नळीचे त्यांनी.

आई मृग लागेपर्यंत राहिली. एका दुपारी मालकीणबाई तिच्याशी गप्पा मारायला आल्या, गार वाऱ्याखाली पाय पसरून बसल्या आणि एक दीर्घ श्वास घेऊन म्हणाल्या, "पाहा बरं काकू, कुठं आहे वास? मी तर आधीपासूनच म्हणत होती!"