आजोबांच्या तबकड्या

मुलांनो, मागच्या वर्षी पुण्याचं घर आवरून आजीला कायमचं न्यू जर्सीला आणलं, तेव्हा आजोबांच्या तबकड्याही आणल्या. साड्यांत गुंडाळून! त्यांत गदिमा आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण होतं. (१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही ५६ गीतं.) शिवाय बालगंधर्वांच्या दोन जड, जुन्या तबकड्या. त्या लाखेच्या असतात. तुम्ही वर्गात ऐकलेल्या लाक्षागृहातली तीच लाख!

आधी आम्ही एक स्वस्त, पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर आणला. गीतरामायण एकाच ओळीवर अडकलं. लेक म्हणाली, "आजोबांनी बिघडवली का?"

मग आम्ही दोघे इंजिनिअर कामाला लागलो. अशा स्वस्त यंत्रांत सुई बहुधा पाच-सहा ग्रॅम भाराने टेकते. चांगल्या यंत्रात तो भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येतो. जास्त भाराने खाच झिजते आणि झिजलेली खाच भरून येत नाही.

तीन-चारशे डॉलरमध्ये दोन प्रकार दिसले. एकात रबरी पट्टा तबकडी फिरवतो, त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत कमी पोचते. दुसऱ्यात तबकडी थेट मोटरवर फिरते. वेग स्थिर राहतो, पट्टा बदलावा लागत नाही. एकाला हे पसंत, दुसऱ्याला ते! तीन आठवडे तक्ते मांडून वाद घातला. शेवटी लेकीने विचारलं, "पण बालगंधर्व कुठल्यावर वाजतील?" त्यांच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. आम्ही पाहिलेल्या पट्ट्याच्या यंत्रांवर ३३ आणि ४५ एवढेच वेग. वाद मिटला. थेट मोटरचं, तिन्ही वेगांचं ऑडिओ-टेक्निका एलपी१२० घेतलं. ७८ची खाच रुंद असते, म्हणून तिच्यासाठी जाड टोकाची सुई वेगळी घेतली.

पहिल्या रविवारी तीच अडकलेली तबकडी लावली. त्या ओळीवर 'टक्' झालं आणि गाणं पुढे गेलं. आजी हसली. "ती रेघ ह्यांचीच! सुई अलगद ठेवा म्हणून सांगून थकले." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "परत लाव गं."

आता आमच्याकडे दर रविवारी तबकडी लागते. तुम्हीही या. सुई मात्र आजीच ठेवणार!